दाह आणि विषाद

'आधिव्याधि' हा शब्द आपण एका दमांत उच्चारतों. देवापाशीं गाऱ्हाणें घालतांना काय किंवा वडिलांनीं लहानांस आशीर्वाद देतांना काय, मनाचें दुखणें आणि शरीराचें दुखणें यांची अशी एकत्र मोट बांधण्याची आपली जुनी चाल आहे. परंतु शब्द जोडून आला तरी विचार मात्र आपण फोडून करतों. व्याधि झाली कीं वैद्य, औषध आणि पथ्य. आधि जडली कीं उपदेश. "मन रमवा", "देवाचें नांव घ्या", "एवढें मनाला लावून घेऊं नका". पहिल्या दुखण्यांत माणूस रोगी ठरतो. दुसऱ्यांत तो बहुधा दुबळा ठरतो.

केंब्रिज विद्यापीठांत मानसरोगशास्त्राचे प्राध्यापक असतांना एडवर्ड बुलमोर यांनीं २०१८ सालीं प्रसिद्ध केलेलें 'दि इन्फ्लेम्ड माइंड' हें इंग्रजी पुस्तक या फारकतीवरच घाव घालतें. नांवाचा अर्थ 'दाहग्रस्त मन' असा करतां येईल. विषाद, म्हणजे ज्याला अलीकडे नैराश्य म्हणतात तो विकार, कित्येक रोग्यांत शरीरांतील दाहापासून उद्भवतो, हें या पुस्तकाचें प्रतिपाद्य आहे. तें प्रसिद्ध होऊन कांहीं वर्षें लोटलीं आहेत आणि पहिला गाजावाजा ओसरला आहे. ग्रंथाचें मोल शांतपणें करावयास हीच वेळ बरी.

पुस्तकाचा गाभा एका लहानशा प्रसंगांत आहे. ग्रंथकार तरुणपणीं, मानसरोगांकडे वळण्यापूर्वीं, सामान्य रुग्णालयांत उमेदवारी करीत असतांना संधिवातानें पिडलेली एक बाई त्यांच्यापुढें आली. सांधे सुजून हात वांकडे झालेले. सांध्यांची तपासणी संपल्यावर त्यांनीं सहज मनाचीहि विचारपूस केली. बाईची झोप उडाली होती, कशांतहि गोडी उरली नव्हती, पुढचें सारें काळोखें दिसत होतें. शोध लागल्याच्या आनंदांत तरुण डॉक्टर वरिष्ठांकडे गेले आणि बाईंना संधिवाताबरोबर विषादाचाहि विकार आहे असें त्यांनीं सांगितलें. वरिष्ठांस त्याचें नवल वाटलें नाहीं. असें दुखणें वांट्यास आल्यावर कोणीहि खिन्न होणारच, असा त्यांच्या उत्तराचा आशय. विषय तेथेंच मिटला. या उत्तरांत क्रूरपणा नाहीं. वरवर पाहतां तें समंजसपणाचेंच आहे. पण त्या समंजसपणानें पुढील चौकशीचें दार लावून घेतलें. जो दाह सांधे सुजवतो तोच मनावरहि उतरत असेल, असा विचार त्या दिवशीं कोणाच्या मनांत आला नाहीं.

हा प्रसंग वाचतांना मला आमच्या आत्याबाई आठवल्या. चाळीसएक वर्षांपूर्वींची गोष्ट. पहाटे उठून सडा घालतां घालतां भूपाळी म्हणावी, दुपारीं पापड लाटतांना ओव्या गुणगुणाव्या, अशी त्यांची रीत. पन्नाशी उलटली आणि संधिवातानें त्यांचे हात धरले. लाटणें सुटलें, वेणी घालणें सुटलें, आणि त्याबरोबर गाणेंहि सुटलें. घरांत सर्वांचें निदान एकच: "हात एवढे दुखतात, गाणें कसलें सुचतंय त्यांना!" डॉक्टर येत, बोटें दाबून पाहत, गोळ्या लिहून देत. आत्याबाई भिंतीकडे तोंड करून पडून असत. आम्हीं त्यांना हरिपाठ आणून दिला, भजनाला जाण्याचा आग्रह केला, आणि त्या गेल्या नाहींत तेव्हां मनांतल्या मनांत रागावलोंहि. हात दुखत होते हें खरें. पण गळा दुखत नव्हता, हें आमच्यापैकीं एकाच्याहि ध्यानांत आलें नाहीं.

आतां ग्रंथाचा शास्त्रीय भाग थोडक्यांत पाहूं. दाह ही मुळांत शरीराची संरक्षणाची क्रिया आहे. कांटा रुतला, जंतु शिरले, कीं ती जागा लाल होते, सुजते, तापते आणि दुखते. रक्तांतील पांढऱ्या पेशी तेथें धांवून येतात व 'सायटोकाइन' नांवाचीं निरोपी द्रव्यें सोडतात. हीं द्रव्यें रक्ताबरोबर शरीरभर फिरतात. त्यांचा निरोप यकृतास पोंचला कीं तें 'सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन' नांवाचा पदार्थ अधिक प्रमाणांत तयार करूं लागतें. म्हणून रक्तांतील या पदार्थाचें मान मोजून दाहाचा अंदाज घेतां येतो. मेंदू मात्र या सर्व धामधुमीपासून अलिप्त आहे, रक्त आणि मेंदू यांमधील पडदा हे निरोप अडवून धरतो, अशी समजूत विसाव्या शतकांत बराच काळ प्रचलित होती. ती आतां टिकत नाहीं. छातीपोटांतून मेंदूकडे जाणारा व्हेगस नांवाचा मज्जातंतु हा निरोप पोंचवतो. पडद्याच्या पेशीहि तो पलीकडे देतात. आणि मेंदूच्या आवरणांत लसीकावाहिन्या आहेत असें २०१५ सालीं उंदरांवरील संशोधनांत दिसून आल्यावर मेंदूचें हें सोंवळें पुरतेंच मोडलें.

निरोप पोंचल्यावर काय होतें हें प्रत्येकानें अनुभवलेलें आहे. ताप आला कीं माणूस अंथरूण धरतो. अन्न नको होतें, बोलणें नको होतें, आवडतीं माणसेंहि नकोशीं वाटतात. बेंजामिन हार्ट यांनीं १९८८ सालीं असें मांडलें कीं ही मरगळ म्हणजे केवळ अशक्तपणा नव्हे. शक्ति राखून रोगाशीं झुंजण्याचा तो देहाचा डाव आहे. आजारी मांजर कोपऱ्यांत जाऊन बसतें तें यासाठींच. बुलमोर आपलाच एक अनुभव सांगतात. दंतवैद्याकडे दाढेचें मूळ साफ करून घेऊन ते घरीं परतले आणि त्या संध्याकाळीं त्यांच्या मनांत मरणाचे विचार घोळूं लागले. दुसऱ्या दिवशीं सारें निवळलें. दांतांतील जंतूंमुळें उठलेल्या दाहाचा तो मनावरील पडसाद असावा, असा त्यांचा तर्क. प्रश्न इतकाच कीं, ही आग एका रात्रींत न विझतां महिनोन् महिने धुमसत राहिली तर मनाचें काय होईल?

पुराव्याच्या अभावीं हा तर्क मनोरंजक कल्पना म्हणूनच राहिला असता. पण पुरावा आहे, आणि त्यांतील अत्यंत बोलका भाग औषधांनींच पुरविला आहे. 'सी' प्रकारच्या यकृतदाहावर नवीं औषधें निघण्यापूर्वीं इंटरफेरॉन देत असत. हें द्रव्य सायटोकाइनांच्याच कुळांतलें. तें घेणाऱ्या रोग्यांपैकीं सुमारें चौथा हिस्सा किंवा त्याहूनहि अधिक विषादांत बुडत असे. त्वचेच्या एका घातक कर्करोगावरहि तें भारी मात्रेनें देत. त्या रोग्यांवरील एक प्रयोग २००१ सालीं प्रसिद्ध झाला. आधींपासून विषादावरील गोळी दिलेल्या १८ जणांपैकीं दोघांस आणि नुसती फसवी गोळी दिलेल्या २० जणांपैकीं नऊ जणांस विषाद जडला. येथें "दुखण्यानें खिन्न झाले" हें उत्तर पुरें पडत नाहीं. दुखणें दोन्ही गटांचें एकच होतें.

दुसरा पुरावा काळाच्या क्रमाचा. इंग्लंडांतील ब्रिस्टल भागांत जन्मापासून पाहणींत ठेवलेल्या मुलांविषयींचा निष्कर्ष २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. नवव्या वर्षीं ज्यांच्या रक्तांत इंटरल्यूकिन-६ हें दाहकारक द्रव्य अधिक होतें, त्यांच्यांत अठराव्या वर्षीं विषादाचें प्रमाण अधिक आढळलें. आधीं दाह, मागाहून विषाद. पण त्याच न्यायानें दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. न्यूझीलंडांतील डुनेडिन येथें १९७२-७३ सालीं जन्मलेल्या सुमारें एक हजार मुलांची पाहणी आजवर चालू आहे. त्यांपैकीं ज्यांना बालपणीं छळ सोसावा लागला, त्यांच्या रक्तांत बत्तिसाव्या वर्षींहि दाहाचें मान इतरांहून अधिक होतें, असें २००७ सालीं निदर्शनास आलें. म्हणजे व्याधींतून आधि उपजते तशी आधींतून व्याधिहि उपजते. वाट दुहेरी आहे, आणि आपल्या जोडशब्दाला यापेक्षां चांगलें भाष्य सांपडावयाचें नाहीं.

ग्रंथलेखनाच्या दृष्टीनें पाहतां बुलमोर यांचे गुण उघड आहेत. ते अवघड गोष्ट सोपी करून सांगतात, आणि सोपी करतांना ती खोटी होऊं देत नाहींत. विषादावर गेल्या तीस वर्षांत खरोखर नवें असें औषध जवळजवळ निघालें नाहीं, ही आपल्या शास्त्राची नामुष्की ते झांकीत नाहींत. औषधनिर्मितीच्या एका मोठ्या कंपनींत आपण अनेक वर्षें काम केलें हेंहि त्यांनीं लपविलेलें नाहीं. प्रत्येक विषाद दाहजन्य असतो असा त्यांचा दावा नाहीं. तथापि या पुस्तकाविषयीं मला तीन आक्षेप नोंदवावयाचे आहेत.

पहिला आक्षेप उपनामाविषयीं. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ही विषादाकडे पाहण्याची 'मूलगामी नवी' दृष्टि असल्याचें जाहीर केलें आहे. मूलगामी ती असेल, नवी नाहीं. उपदंशाचे जंतु वेड्यांच्या मेंदूंत १९१३ सालीं प्रत्यक्ष दिसले, तेव्हां वेडाच्या एका भयंकर प्रकाराचें मूळ शरीरांत सांपडलें. व्हिएन्ना येथील वाग्नर-यौरेग यांनीं १९१७ सालीं याच रोग्यांस मुद्दाम हिंवतापाची लागण करून त्या ज्वरानें वेड हटविण्याचा प्रयत्न केला आणि त्याबद्दल त्यांना १९२७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. एक कुलूप एका किल्लीनें उघडल्यावर सर्व कुलपांस तीच किल्ली लावून पाहण्याचा मोह होतो. अमेरिकेंत न्यू जर्सी संस्थानांतील ट्रेन्टन येथें हेन्री कॉटन या डॉक्टरास तो आवरला नाहीं. सर्व वेड म्हणजे शरीरांत कोठेंतरी दडलेल्या पुवाचें विष, असें त्याच्या मनानें घेतलें. त्यानें आपल्या वेड्यांच्या इस्पितळांत रोग्यांचे दांत उपटले, घशांतील गांठी काढल्या, शेवटीं मोठीं आंतडीं कापलीं. शेंकडा ८५ पर्यंत रोगी बरे झाल्याचे त्याचे दावे होते. आंतडीं कापलेल्यांपैकीं सुमारें शेंकडा ३० दगावले हें त्याच्याच हिशेबांत होतें, आणि खरा आंकडा त्याहून मोठा होता. १९२० नंतरच्या दशकांत फिलिस ग्रीनएकर या डॉक्टरबाईंनीं कसून चौकशी करून अहवाल लिहिला. तो दडपून ठेवण्यांत आला. ही सारी कहाणी अँड्र्यू स्कल यांच्या 'मॅडहाउस' या २००५ सालच्या ग्रंथांत आली आहे, आणि माझी शिफारस अशी कीं बुलमोर यांचें पुस्तक वाचणारानें तें शेजारींच ठेवावें. बुलमोर हे कॉटन नव्हेत. त्यांच्याजवळ सावधपणा आहे, आणि आजच्या शास्त्रापाशीं तुलनात्मक प्रयोगाची शिस्त आहे. पण कॉटनचा मूळ विचार सर्वस्वीं खोटा नव्हता, आणि तरीहि त्यानें माणसें मारलीं, हें विसरतां कामा नये. अर्धें सत्य पुरें मानल्याचा तो परिणाम होता.

दुसरा आक्षेप आशेच्या मापाविषयीं. दाहानें विषाद होतो, तर दाह शमविला म्हणजे विषाद हटला पाहिजे. संधिवातावर उपयोगी पडणारें इन्फ्लिक्सिमॅब हें औषध नेहमींच्या औषधांस दाद न देणाऱ्या विषादाच्या ६० रोग्यांवर अमेरिकेंत योजून पाहण्यांत आलें. निष्कर्ष २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. एकंदरींत पाहतां औषध घेणारे आणि फसवें औषध घेणारे यांच्यांत फरक पडला नाहीं. ज्यांच्या रक्तांत दाहाचें मान बरेंच अधिक होतें त्यांचा कल सुधारण्याकडे दिसला. ज्यांचें मान कमी होतें त्यांना औषधापेक्षां फसव्या औषधानेंच अधिक बरें वाटलें. निरनिराळ्या पाहण्या एकत्र करून पाहतां विषादग्रस्तांपैकीं सुमारें चौथ्या हिश्शाच्याच रक्तांत दाहाचें मान स्पष्टपणें वाढलेलें आढळतें. म्हणजे हें पुस्तक चतुर्थांश रोग्यांचें आहे. तो चतुर्थांश लहान नव्हे. पण पुस्तकाचा स्वर कित्येकदां सबंध रुपयाचा लागतो.

जेथें शरीरच संपूर्ण कारण असतें अशीं उदाहरणें नाहींत असें नाहीं. सुझाना कॅहलन या तरुण वार्ताहर बाईंचें 'ब्रेन ऑन फायर' हें २०१२ सालचें आत्मकथन त्यांपैकींच एकाचें आहे. २००९ सालीं न्यूयॉर्क येथें त्यांना भ्रम होऊं लागले, झटके येऊं लागले, वेडाचीं सर्व लक्षणें दिसूं लागलीं. एका डॉक्टरानें त्यांना घड्याळ काढावयास सांगितलें. त्यांनीं बाराहि आंकडे वर्तुळाच्या उजव्या अर्ध्यांत कोंबले. त्यावरून मेंदूच्या उजव्या बाजूस दाह आहे हें त्यानें ताडलें. जोसेप दालमाउ यांनीं २००७ सालींच वर्णिलेला तो मेंदूदाह निघाला: शरीराचीं रक्षक द्रव्यें आपल्याच मेंदूवर उलटलेलीं. उपचार झाले आणि बाई पुन्हां लिहूं लागल्या. पण असें लख्ख निदान विरळा. नेहमींचा विषाद घड्याळाच्या एका बाजूस गोळा होत नाहीं. तो सगळ्या दिवसभर पसरलेला असतो.

तिसरा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मन आणि शरीर यांच्या फारकतीचें खापर बुलमोर फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याच्या माथीं फोडतात. सतराव्या शतकांत त्यानें देह हें यंत्र आणि मन हें निराळें तत्त्व असें ठरविलें, आणि पाश्चात्त्य वैद्यक अद्याप त्या रेघेच्या दोन बाजूंस विभागलेलें आहे, हा त्यांचा सिद्धांत. युरोपापुरता तो खरा असेल. पण आमच्याकडे देकार्त झाला नाहीं. चरकसंहितेंत ज्वर हा देह, इंद्रियें आणि मन या तिहींना तापविणारा म्हणून वर्णिला आहे; उन्मादाचें विवेचनहि वातपित्तकफांच्या भाषेंत केलें आहे. आमची बोलीदेखील मनस्ताप, जळफळाट, काळीज जळणें अशा तापाच्या शब्दांनीं भरलेली आहे. यावरून आमच्या पूर्वजांस सायटोकाइन ठाऊक होतें असें कोणी म्हणूं लागेल तर तें हास्यास्पद होईल. शब्दांतील उष्णता हा रक्तांतील दाहाचा पुरावा नव्हे. मुद्दा याच्या उलट आहे. ज्या समाजाच्या शास्त्रांत आणि भाषेंत मन व देह कधीं वेगळे झालेच नाहींत, त्या समाजांतहि आत्याबाईंच्या उशापायथ्याशीं तेंच वाक्य बोललें गेलें, जें इंग्लंडांतील त्या रुग्णालयांत बोललें गेलें. मग दोष देकार्तचा कसा? दोष अधिक साधा आणि अधिक घरगुती आहे. दुसऱ्याच्या दुःखाचें कारण सांपडल्यासारखें वाटलें कीं आपण त्याची चौकशी थांबवतों. "हात दुखतात" हें कारण आम्हांस सोयीचें होतें, कारण त्यापुढें आम्हांस कांहीं करावें लागत नव्हतें.

येथेंच एका धोक्याचा इशारा देणें अवश्य आहे. विषाद हा रक्तांत दिसणारा विकार आहे असें सिद्ध झालें म्हणजे त्याची लाज वाटेनाशी होईल, अशी या विचाराच्या पुष्कळ समर्थकांची आशा असते. आशा चांगली आहे. पण ज्या तीन हिश्शांच्या रक्तांत कांहींच सांपडत नाहीं त्यांचें काय? तपासणीचा कागद कोरा आला म्हणून सून ढोंगी ठरावयाची काय, कीं परीक्षेच्या वर्षीं अंथरूण धरलेला मुलगा आळशी ठरावयाचा? ज्याच्या रक्तांत दाह त्याचें दुःख खरें, इतरांचें मनाचे खेळ, अशी नवी वांटणी झाली तर जुन्या फारकतीनें केलें नाहीं इतकें नुकसान ती करील. दुःख खरें असावयास रक्ताची साक्ष लागत नाहीं. तसेंच हें पुस्तक वाचून कोणी सुजेवरच्या गोळ्या मनानें घेऊं नयेत, किंवा हळदीच्या दुधावर सारी भिस्त ठेवूं नये. ज्यांनीं हे प्रयोग केले त्यांनाहि अद्याप कोणास काय द्यावें हें पुरतें उमगलेलें नाहीं.

इतकें सांगून झाल्यावरहि हें पुस्तक सुशिक्षित कुटुंबांत वाचलें जावें असेंच मी म्हणेन, आणि तें त्यांतील शास्त्रापेक्षांहि त्या पहिल्या प्रसंगासाठीं. सांधे तपासून झाल्यावर त्या तरुण डॉक्टरानें आणखी दोन प्रश्न विचारले. पुढचें सारें त्यांतून निघालें. तेवढें कोणत्याहि घरांत करतां येण्याजोगें आहे. दम्याचा, संधिवाताचा, मधुमेहाचा जुना रोगी घरांत असेल तर औषधाची वेळ झाली कीं नाहीं हें आपण विचारतोंच. रात्रीं झोप लागते का, पूर्वीं आवडणारी गोष्ट अजून आवडते का, हेंहि विचारावें, आणि उत्तर मनास लागण्याजोगें आलें तर तेंहि डॉक्टरांच्या कानांवर घालावें.

आत्याबाईंच्या हातांतील दाह त्यांच्या मनापर्यंत पोंचला होता कीं नाहीं, हें आतां कोणतीहि रक्ततपासणी सांगूं शकणार नाहीं. त्या पुढें नऊ वर्षें जगल्या. "आत्या, हल्लीं भूपाळी कां हो म्हणत नाहीं?" असा साधा प्रश्न त्या नऊ वर्षांत मीं त्यांना एकदांहि विचारला नाहीं.